पडदा काळा, बोटं चालू

६ जानेवारी

चि. ढब्यास,

आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पुढचं लिहून झाल्यावर देववणार नाहीत.

तू गेलास आणि तुझ्यामागे कॉम्प्युटरही गेला. त्यातलं ते दोन पंख्यांचं कार्ड माझ्या नडग्यांवर गरम वारा सोडतं, एवढीच माझी तक्रार होती. तू म्हणालास, "आत्या, हे कार्ड खेळ खेळणाऱ्यांसाठी. तुझं चित्र काढायची सोय प्रोसेसरच्या पोटातच आहे, हे बाहेरचं ओझं कशाला?" कार्ड उपटलंस, जुनी वायर काढलीस, दुसरी कुठलीशी लावलीस, आणि खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय म्हणून पायात मोजे आणि हातात बूट घेऊन पळालास. जिन्यातून ओरडलास, "चालू करून बघ!"

बघितलं. पडद्यावर एक निळी चौकट येते, त्यात 'नो सिग्नल' असं लिहिलेलं असतं. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडते, माझ्यासारखीच चष्मा शोधत असल्यागत, आणि मग सगळा अंधार.

किती छान लावून दिलं होतंस रे! चालू केलं की इमारतीचा ग्रुप आपणहून उघडायचा. माउसला हात न लावता मी लिहायचे आणि एंटर मारायचे. आता फेब्रुवारीच्या शेवटी वार्षिक सभा आहे, माझा सचिवाचा अहवाल त्या डब्यात अडकलाय, आणि अध्यक्ष खालपासून वरपर्यंत सांगत सुटलेत की सचिवबाईंना आता कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही. त्यांचा मेहुणा माझ्या जागेवर बसायला टपलाय. नोकरी संपल्यापासून लोक माझं दार वाजवतात ते या एका कामासाठी. तेही गेलं तर दाराला घंटा कशाला ठेवायची?

फोन करू नकोस. तुझ्या डोंगरावरून तो लागत नाही आणि लागला तरी मला नुसतं घुंघुं ऐकू येतं. पत्रच लिही, सोप्या शब्दांत.

तुझी,
आत्या

ता. क. बोटांची सवय मोडू नये म्हणून रोज दुपारी काळ्या पडद्यासमोर बसून टाइप करते. सगळी हयात टायपिस्ट म्हणून गेली, मला बघायची गरज कुठे आहे?


१३ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण या हवामान केंद्रातल्या माझ्या खोलीत दोन खाटा आणि एक वाऱ्याचं यंत्र आहे, आडवं व्हायला जागा नाही. सामानाची जीप आठवड्यातून एकदा वर येते, तिनेच तुझं पत्र आलं.

घाबरू नकोस, फार किरकोळ गोष्ट आहे. आधी मागची वायर बघ. कार्ड काढलं तिथे आता पत्र्याची रिकामी खाच आहे. वायर तिच्याजवळ नको, वरच्या बाजूला, जिथे कीबोर्डची वायर घुसते त्या ओळीत हवी. मी तिथेच लावलीय, पण खात्री कर.

तरीही पडदा काळाच राहिला तर रॅम. प्लग काढ. बाजूचं झाकण उघडलंस की दोन उभ्या पट्ट्या दिसतील. टोकांच्या खिट्ट्या दाबून त्या काढ, सोनेरी कड खोडरबराने हलकेच पूस, आणि परत बसव. 'कट्' असा आवाज यायला हवा. पोटातल्या सोयीला स्वतःची पाटी नसते, ती रॅमचीच पाटी उसनी घेऊन चित्र काढते. रॅम नीट बसली नसेल तर चित्र कशावर काढणार?

चालू होताना 'टुंग' असा आवाज येतो का, तेही कळव.

सभेच्या आत हसत-खेळत होईल बघ.

तुझा,
ढब्या

ता. क. टायपिंगचा सराव चालू ठेव. बोटांना उत्तम व्यायाम.


२० जानेवारी

चि. ढब्यास,

वायर तू म्हणतोस त्याच ओळीत आहे. झाकण उघडलं. आत एवढी धूळ होती की पुसून झाल्यावर दोन मिनिटं मला वाटलं, मशीनच नाहीसं झालं. पट्ट्या काढल्या, पुसल्या, बसवल्या. 'कट्' झालं का ते ऐकू आलं नाही, पण बोटाला कळलं. पडदा मात्र जसाच्या तसा. निळी चौकट हिंडते आणि झोपते.

'टुंग' विचारू नकोस. 'टुंग' ऐकायला कानातलं यंत्र लावावं लागेल, आणि ते मी संध्याकाळी सहाच्या आधी लावत नाही. का, ते तुला काय करायचंय?

सरावाचं मात्र तू छान सांगितलंस. आधी मी नुसतं 'पाणी उद्या येणार नाही' असलं काहीतरी बडवत होते. मग म्हटलं, कोण वाचणार आहे? मनात येईल ते लिहू! बुधवारी लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात बुटांचं प्रदर्शन मांडलंय. लोकांचे दात काढून यांचं समाधान होत नाही, आता पाय मोडायला निघालेत." आणि ठणकन एंटर! काय मोकळं वाटतं म्हणून सांगू!

आणि योगायोग बघ. गुरुवारी सकाळी बुटांचं कपाट जिन्यातून गायब! डॉक्टर भेटले तेव्हा तोंडावर हात धरून निघून गेले, बहुधा त्यांचाच दात दुखत असावा. माणसं आपणहून सुधारतात, आपण उगाच नावं ठेवतो.

पुढचा उपाय लवकर कळव. अध्यक्षांचा मेहुणा हल्ली खिशाला दोन-दोन पेनं लावून हिंडतो.

तुझी,
आत्या


२७ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. दातांचे डॉक्टर सुधारले हे वाचून आनंद झाला. मला त्यांनी काढलेला माझा दात अजून आठवतो.

आता रामबाण उपाय सांगतो. आतल्या मुख्य बोर्डावर बटणाएवढी चपटी चकचकीत बॅटरी आहे. कॉम्प्युटर बंद असला तरी ती जुन्या सवयी लक्षात ठेवते. मला वाटतं, तो अजून त्या काढलेल्या कार्डाकडेच चित्र पाठवायला बघतोय. गेलेल्या माणसाच्या नावाने ताट वाढावं तसं. प्लग काढ, बॅटरी बाहेर काढ, चहा पी, परत घाल. तो सगळं विसरेल आणि स्वतःच्या पोटाकडे वळेल.

आणि एक साधी परीक्षा. चालू केल्यावर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाब. छोटा दिवा लागतो आणि विझतो का? दिवा लागला तर मशीन जिवंत आहे. नाही लागला तर गोष्ट गंभीर आहे, मग बोर्डच बदलावा लागेल.

इथे परवा इतका वारा सुटला की वारा मोजायचं यंत्रच उडालं. म्हणजे सर्वात जोराच्या वाऱ्याची नोंद आमच्याकडे नाही.

तुझा,
ढब्या


४ फेब्रुवारी

चि. ढब्यास,

बॅटरी काढली. ती टुणकन उडून कपाटाखाली गेली. मी पोटावर झोपून फुटपट्टीने ती बाहेर काढली, आणि तिच्याबरोबर तुझ्या लहानपणीची शिट्टी, एक कात्री आणि मी ज्यावरून कामवालीशी भांडले होते तो चमचा, असं सगळं निघालं. तिची माफी मागितली. बॅटरी परत बसवली. पडदा काळाच.

कॅप्स लॉकचा दिवा मात्र लागतो. दाबलं की लागतो, दाबलं की विझतो. आता मशीन जिवंत आहे म्हणतोस तर मग मला बघून डोळे का मिटतं?

इमारतीत काहीतरी झालंय, ढब्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका जिन्यात भेटल्या. तोंडभर हसून म्हणाल्या, "आज काय शिजवलंत?" मी म्हटलं, "कालचंच, पण जरा तिखट केलंय." तर बाई कठड्याला धरून इतक्या हसल्या की पिशवीतले कांदे खालपर्यंत गेले. यात हसण्यासारखं काय होतं?

मग अध्यक्ष आले. मी टाइप करत होते, "अध्यक्षांची स्कूटर लिफ्टच्या दारात उभी असते, म्हणजे लिफ्टला वर जायचंय आणि अध्यक्षांना तिला जाऊ द्यायचं नाही." एंटर मारला आणि पाणी प्यायला उठले, तर दार हादरत होतं. उघडलं. लालबुंद होऊन हातवारे करत ओरडत होते. मला एवढंच कळलं, "बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!" जिन्यातला दिवा भर दुपारी जळत होता, तेव्हा म्हटलं, बरोबर आहे माणसाचं. मी दिवा बंद केला आणि दार लावून घेतलं. ते अंधारात कसे उतरले कोण जाणे. पण स्कूटर हलवलीय! मनाने वाईट नाही तो माणूस. परवा त्यांच्याबद्दल चांगल्याही चार ओळी लिहिल्या मी.

आता सहाचं सांगते, कोणाला बोलू नकोस. समोरच्या दारातले क्लॅरिनेटवाले, बँडमधून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी सहाला वाजवतात. कानातलं यंत्र मी त्यासाठी लावते. दिवसभर त्यात नुसती भांडी आपटतात, मग लावायचं कशाला? हे मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काळ्या पडद्यापुढे सगळं लिहून टाकलं, त्यांच्या त्या एका लांब सुराला माझा चहा कसा गार होतो तेही. त्यांना कळलं तर बिचारे बिचकतील आणि वाजवायचं सोडतील. पण हल्ली ते दार उघडं ठेवून वाजवतात. उकाडा वाढलाय ना.

तुझी,
आत्या


१० फेब्रुवारी, खालच्या गावातून, जलद टपालाने

आत्या,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणापासून एंटर दाबू नकोस. कीबोर्डकडे बघूसुद्धा नकोस.

कॅप्स लॉकचा दिवा लागतो हे वाचलं आणि तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून परत वाचली. म्हणजे कॉम्प्युटर कधी बिघडलाच नव्हता! तो रोज नीट चालू होत होता, इमारतीचा ग्रुप नीट उघडत होता, आणि तू जे जे लिहून एंटर मारलंस ते ते बाराच्या बारा घरांना गेलंय. फक्त तुला दिसत नव्हतं.

मी जीपने खाली आलो. फोनला रेंज मिळाली तसा तो एवढा थरथरायला लागला की ड्रायव्हरने इंजिन बघायला गाडी थांबवली. त्या ग्रुपवर मीही आहे ना! सगळं वाचलं. बूट वाचले, स्कूटर वाचली. "माझा भाचा हुशार आहे, पण त्याची हुशारी कायम गाडी पकडायच्या घाईत असते" हेही वाचलं. त्यावर अकरा जण हसलेत.

मी ग्रुपवर लिहिलं, "कृपया कोणीतरी आत्याला सांगा की हे तुम्हा सगळ्यांना दिसतंय." शिक्षिकाबाईंचं उत्तर आलं, "खबरदार कोणी सांगितलं तर." त्यावर नऊ अंगठे! तुला फोनही केला. तू "आम्हाला विमा नकोय" म्हणून ठेवून दिलास. दुसऱ्यांदा केला तर म्हणालीस, "आईबापांनी हेच शिकवलं का?" हो आत्या, त्यांनीच.

आता चूक सांगतो, माझीच आहे. तुझ्या पडद्याला मागे दोन दारं आहेत. जुनी वायर एका दारातून यायची. ती बोर्डाला बसेना म्हणून मी दुसऱ्या प्रकारची वायर दुसऱ्या दाराला लावली, आणि पडद्याला सांगायला विसरलो. तो बिचारा अजून पहिल्याच दाराशी वाट बघत बसलाय. पडद्याच्या खालच्या कडेला उजवीकडे हात फिरव, चार बटणं लागतील. दुसरं दाब. यादी येईल. दुसरं नाव निवड. झालं.

रॅम, बॅटरी, काही म्हणजे काही करायची गरज नव्हती.

मला माफ कर. आणि क्लॅरिनेटवाल्यांनी काय लिहिलंय ते मी सांगणार नाही. स्वतः बघ.

ढब्या


१५ फेब्रुवारी

ढब्यास,

बटण दाबलं. पडदा लागला. न लागता तर बरं झालं असतं.

सगळं वाचलं. माझं वाचलं, मग लोकांचं. डॉक्टरांनी लिहिलंय, "कपाट हलवतो, पण दातांचं काढायला नको होतं." मेहुण्याने लिहिलंय, "माझी पेनं मोजणं हा खासगी आयुष्यात हस्तक्षेप आहे." पेनांबद्दलही मी लिहिलं होतं? लिहिलं होतं. बारा घरांत एक माणूस असा सुटला नाही रे!

आणि समोरचे. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाच्या आधी त्यांचा एकच निरोप. "आज काय वाजवू?" मी उत्तर देणार कुठून? मग थोड्या वेळाने दुसरा, "बरं. अंदाजाने वाजवतो." रोज. तो माणूस रोज उत्तराची वाट बघून, दार उघडं टाकून अंदाजाने वाजवत होता आणि मी म्हणत होते, उकाडा वाढलाय.

मी आता बाहेर पडत नाही. दूध दोरी लावून खिडकीतून वर घेते. यंत्र डबीत आहे, सहालाही. सभेला राजीनामा द्यायचा ठरवलाय. अध्यक्ष सगळ्यांसमोर माझी सालटी काढणार, ती निदान सचिव नसताना काढू देत.

तुझ्यावर रागावलेली,
आत्या

ता. क. खोलीत मोजे घालून बसत जा. रागावले असले तरी थंडी थंडीच असते.


२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मोजे घातलेत.

राजीनामा द्यायचाच असेल तर टाइप करू नकोस, हाताने लिही. फाडायला बरा पडतो.

मी तो ग्रुप वर्षभर बघतोय, परवाही जीपने खाली जाऊन बघितला. आधी तिथे दोनच वाक्यं असायची, पाणी गेलं आणि पाणी आलं. आता लोक भांडतायत, हसतायत, चौथ्या मजल्यावरच्यांनी पहिल्या मजल्यावरच्यांना चहाला बोलावलंय. तू गप्प झाल्यावर शिक्षिकाबाईंनी विचारलंय, "बाईंची तब्येत बरी आहे ना? आज काहीच नाही." त्याखाली डॉक्टरांनी लिहिलंय, "मीही तेच विचारणार होतो."

तू सभेला जा. यंत्र लावून जा. सालटी निघाली तर नीट ऐकू तरी येईल.

तुझा,
घाईतला हुशार


३ मार्च

चि. ढब्यास अनेक आशीर्वाद,

गेले सभेला. यंत्र लावलं, राजीनामा पिशवीत ठेवला. तळमजल्यावरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भरलेल्या. दरवर्षी आम्ही कसेबसे पाच जण असतो आणि त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला असतो.

अध्यक्ष उभे राहिले. हातात हा एवढा कागदांचा गठ्ठा! मेहुण्याने माझं लिखाण छापून आणलं होतं. म्हणाले, "सचिवबाईंनी काय काय लिहिलंय ते सभेपुढे येऊ दे. मी शब्दन् शब्द वाचून दाखवणार." आणि वाचायला लागले. बुटांचं वाचलं, लोक हसले. पेनांचं वाचलं, लोक हसले. त्यांनी टेबलावर हात आपटला, "हसू नका, हे गंभीर आहे!" त्यावर तर शिक्षिकाबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी जमिनीकडे बघत बसले होते. फरशीला एक तडा आहे, दुरुस्त करायला हवा.

मग त्यांनी पुढचा कागद घेतला. "आता माझ्याबद्दल काय गरळ ओकलीय बघा," म्हणाले आणि वाचलं, "लिफ्ट बंद पडली होती तेव्हा हा माणूस आपल्या आईला पाठीवर घेऊन रोज चार मजले उतरायचा आणि चढायचा, तिला बागेत जरा ऊन मिळावं म्हणून. जिन्यात कोणी दिसलं की लाजायचा."

आणि थांबले. त्यांनी आधी वाचलंच नव्हतं ते. रागात स्कूटरच्या पुढे गेलेच नसावेत. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तुला आठवत असेल. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या, "पुढचं वाचा ना. शब्दन् शब्द म्हणालात."

त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, "स्कूटर लावताना मात्र लाजत नाही."

ढब्या, छप्पर उडायचं बाकी राहिलं! सर्वात मोठ्याने तेच हसले. हसता हसता डोळे पुसत होते, नेमकं कशाचं पाणी होतं ते मी बघितलं नाही. मी उठून पिशवीतून राजीनामा काढला. तेवढ्यात मेहुणा ताडकन उभा राहिला. "मला सचिवपद नको," म्हणाला. "बाईंना हे काम नसलं तर दिवसभर मोकळा वेळ मिळेल. मग त्या किती लिहितील, विचार करा!"

सगळ्यांनी विचार केला. सगळ्यांचे हात वर गेले. मीच सचिव.

आता समोरचं. सभेत ते शेवटच्या रांगेत बसले होते, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. दोन दिवस क्लॅरिनेटही नाही. आणि आज सकाळी दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. हळू आणि मोठ्याने म्हणाले, "माझा पडदा काळा पडलाय. नो सिग्नल. तुम्हाला त्यातलं कळतं, असं ऐकलं."

"ओरडू नका," मी म्हटलं. "यंत्र लावलंय."

"सकाळी?" ते म्हणाले.

मी दार ओढून घेतलं. गेले त्यांच्याकडे. पडदा खरंच काळा होता. मागे हात घातला तर वायरच नाही. बघते तर पडद्याच्या डोक्यावर तिचं नीट वेटोळं करून, वर दोरीची गाठ मारून ठेवलेलं. माणसाने बँडमध्ये जन्म घालवलाय, वस्तू गुंडाळून ठेवायची शिस्त कुठे जाणार?

मी वेटोळ्याकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं.

"रॅमपासून सुरुवात करावी लागेल," मी म्हटलं. "पट्ट्या काढायच्या, पुसायच्या, परत बसवायच्या. वेळ लागतो."

"लागू दे," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

आज दोन्ही पट्ट्या पुसून झाल्या. उद्या बॅटरी काढायची आहे.

तुझी,
आत्या